नवाचे सात

भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांचे मिळून विधानसभेत नऊ आमदार असायचे. २००८ साली मतदारसंघांची फेररचना अमलात आली आणि नवाचे सात झाले. अड्याळ गेला, लाखांदूर गेला, आमचा गोरेगाव गेला. बदल्यात अर्जुनी मोरगाव हा नवा मतदारसंघ मिळाला. त्याच फेररचनेत ठाणे जिल्ह्याच्या तेराच्या चोवीस जागा झाल्या. विधानसभेच्या एकूण जागा आधीही २८८ होत्या, नंतरही २८८. ठाण्याला जे मिळालं ते कुठून तरी उचललंच गेलं असणार. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ च्या १०.

यात कोणी लबाडी केली नाही, हे आधी सांगून टाकतो. २००१ च्या जनगणनेत जिथं जितकी डोकी सापडली, तिथं तितक्या जागा गेल्या. प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं वजन सारखं, हे मला मनापासून मान्य आहे. ठाण्याच्या मतदारावर माझा राग नाही, त्याच्या मताला वर्षानुवर्षं कमी किंमत मिळत होती. राग याचा आहे की डोकी इथून तिकडं का गेली, हा प्रश्न फेररचनेच्या कायद्यात कुठंच येत नाही. हाताला काम नाही म्हणून पोरगं जातं. पोरगं गेलं म्हणून जागा जाते. जागा गेली की काम आणायला भांडणारा माणूसही कमी होतो. हे रहाटगाडगं आमच्या दोन जिल्ह्यांत एकदा फिरून झालंय आणि आता दुसऱ्यांदा फिरायच्या बेतात आहे.

गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १२ लाखांच्या वर होती, २०११ मध्ये १३ लाख २२ हजार झाली. दहा वर्षांत दहा टक्के वाढ. राज्याची वाढ सोळा टक्के, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची छत्तीस. आमची वाढ कमी, यात काही वाटा लहान कुटुंबांचा आहे, काही गाव सोडून जाणाऱ्यांचा. हा धानाचा जिल्हा. रोवणीला आणि कापणीला माणूस मिळत नाही, आणि धान चुरून झालं की माणसाला काम मिळत नाही. बिडीचा धंदा ओसरला. राइस मिली आहेत, पण गावागावातल्या बारावी झालेल्या पोरांना पुरतील इतकी कामं तिथं नाहीत. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे. त्याची वीज राज्यभर जाते आणि आमची पोरं त्या तारांच्याच दिशेनं जातात.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. शाळेपासून नियमाच्या अंतरावर, चिंचेखाली टेबल मांडलेलं. टेबलावर मतदारयादी, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दगड. यादी घेऊन बसलेले काकाजी मतदान करून आलेल्यांची नावं पेन्सिलीनं खोडत होते. वाकून पाहिलं तर बऱ्याच नावांपुढं आधीच खुणा केलेल्या. कुठं ‘ना’, कुठं ‘पु’, कुठं ‘है’. नागपूर, पुणे, हैदराबाद. एका घराच्या सलग चार नावांपुढं ‘है’. मी विचारलं, “काकाजी, हे चौघं येतील का मतदानाले?”

“कायले येतीन जी? दोन दिवसाची मजुरी बुडते, वरून तिकिटाचे पैसे.” त्यांनी यादीचं पान उलटलं. “नाव हाय, माणूस नाही.”

त्या पानावर मयतांची नावंही होती, त्यांच्यापुढं ‘म’. ‘म’ आणि ‘है’ एकाच पेन्सिलीनं, एकाच आकारात लिहिलेले. जो वारला आणि जो पोट भरायला गेला, दोघांचा त्या दिवशीचा हिशेब एकच. निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावून दूरस्थ मतदानाचं यंत्र दाखवायचं ठरवलं होतं. परगावी राहून आपल्या मतदारसंघात मत देता यावं, यासाठी ते होतं. शंका खूप निघाल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. पण शंका फेडून ते यंत्र पुढं न्यावं, अशी निकड कोणत्याच पक्षाला वाटली नाही. हैदराबादेत विटा उचलणाऱ्याचं मत कुणाच्या बाजूनं पडेल याचा अंदाज येत नाही म्हणून ते कुणालाच नको असावं, असं माझं मत झालंय.

मतदानाच्या दिवशी माणूस नाही, ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी जनगणनेची.

२०२७ च्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च आहे. म्हणजे प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत. मागच्या वेळी, २०११ साली, ती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. नियम असा होता की त्या दिवसांत जो कधीतरी घरी होता त्याला घरी मोजायचं, आणि जो सगळा काळ बाहेर होता त्याला जिथं सापडेल तिथं. आता आमच्याकडचा फेब्रुवारी डोळ्यांपुढं आणा. खरिपाचं धान विकून झालेलं. उन्हाळी धान फक्त कालव्याखालच्या बांध्यांत. मोह पडायला अजून महिना. तेंदूपत्ता तर एप्रिलच्या शेवटी. हातात काम नाही असा वर्षातला हाच तुकडा, आणि याच तुकड्यात तेलंगणात मिरचीची तोडणी रंगात आलेली असते. देवरी, चिचगड, अर्जुनी मोरगावपासून थेट गडचिरोलीपर्यंतच्या गावांतून माणसं भरून गाड्या जातात. बायका, बाप्ये, कडेवरची लेकरं, सगळी. दाराला कुलूप आणि अंगणात म्हातारी. प्रगणक येईल तेव्हा म्हातारी सांगेल, सारे खम्ममकडे गेलेत. ते सारे मग तिकडंच कुठल्या तरी शेताच्या कडेला, ताडपत्रीच्या झोपडीत मोजले जातील. मोजले गेले तर.

त्या मोजणीवर मग जागा ठरतील.

लोकसभेच्या जागांवर सध्या देशभर वाद आहे आणि तो दक्षिणेचा वाद म्हणून आपण वाचतो. थोडं मागचं सांगतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांना त्याची शिक्षा होऊ नये, हे त्यामागचं कारण. ८४ व्या दुरुस्तीनं ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ती जनगणना आता समोर आहे आणि तमिळनाडू, केरळ धास्तावलेत. त्यांची धास्ती खरी आहे. पण पुण्या-मुंबईत बसून हा वाद बघणाऱ्यांना एक सांगायचंय. राज्याराज्यांमध्ये जे संरक्षण दिलं, ते राज्याच्या आतल्या जिल्ह्यांना कोणी दिलं नाही. ८७ व्या दुरुस्तीनं राज्याच्या आत २००१ चे आकडे लावायला मोकळीक दिली. चेन्नईला ज्याची भीती आहे ते भंडारा-गोंदियानं २००८ मध्येच भोगलंय. तमिळनाडूकडं ते ओरडून सांगायला भाषा आहे, पक्ष आहेत, राज्य आहे. आमच्याकडं सात आमदार आहेत.

म्हणून नागपूर कराराची आठवण येते. २८ सप्टेंबर १९५३ चा करार. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून त्यात शब्द दिला होता: खर्चात, शिक्षणात, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. त्या वेळी हे शब्द आधारासारखे वाटले असतील. आज तेच शब्द आमच्या विरोधात जातात, कारण प्रमाणच घसरतंय. वाटा पुरता कधी मिळाला नाही, आणि आता तो मोजायचं मापच लहान होत चाललंय. विभागीय असमतोलावर लक्ष ठेवायला घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विकास मंडळं होती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. टाळेबंदीत सगळे घरात होते, तेव्हा ती विझली.

माणसं पांगली की मतदारसंघ ताणावे लागतात. ताणलेल्या मतदारसंघात राहणं काय असतं, ते सालेकसा, देवरी, आमगावच्या लोकांना विचारा. हे तीन तालुके गोंदिया जिल्ह्यात आहेत, पण आमगाव विधानसभा लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूरला जोडलेली आहे. दरेकसाच्या बोगद्याजवळचा माणूस आणि प्राणहितेकाठच्या सिरोंच्याचा माणूस यांचा खासदार एक. एकाचा शेजार छत्तीसगडचा, दुसऱ्याचा तेलंगणाचा. मध्ये जंगल, डोंगर, चार नद्या. फेररचनेच्या कायद्याचं ९ वं कलम सांगतं की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय बघावी. हे कलम हातात घेऊन एखाद्यानं देवरीहून चिचगड, कोरची, कुरखेडा, आरमोरी करत एसटीनं गडचिरोलीला जाऊन यावं. जिल्हाधिकारी गोंदियाला, खासदार गडचिरोलीचा. रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन नेमकं जायचं कुठं, हा प्रश्न तिथल्या सरपंचाला खरोखर पडतो.

आणि मतदानच नसलं तर? डिसेंबर २०२२ मध्ये आमगाव परिसरातल्या आठ गावांनी मध्य प्रदेशात जायची मागणी केली. कर्नाटक सीमेवरच्या गावांची बातमी तेव्हा गाजत होती, आमच्या गावांनाही चार दिवस जागा मिळाली. बाहेरच्यांनी लगेच अर्थ लावला की हे लोक मुळात हिंदीवाले, यांचं मराठीपण कच्चं. साफ चूक. भांडण भाषेचं नव्हतंच. ग्रामपंचायती मोडून नगर परिषद केली, वाद न्यायालयात गेला, निवडणूक अडली आणि वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. घरकुल अडलं, तक्रार ऐकायला निवडलेला माणूस नव्हता. तिथल्या एका बाईनं मला विचारलं होतं, “आमाले मेंबरच नाही, तं आमी महाराष्ट्राचे कसे?” राष्ट्रीय अस्मितेवर मोठमोठी भाषणं ऐकलीत मी. या प्रश्नाइतकं नेमकं त्यांत काही सापडलं नाही.

लोकसंख्येतल्या बदलावर आपल्याकडं बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न असतो, बाहेरून कोण आलं. टीव्हीवर रोज तोच. गोंदियात खरं संकट जाणाऱ्यांचं आहे. पण आलेल्यांचंही बोलू, कारण आमच्याकडं आलेले आहेत, आणि उघड आलेले आहेत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनं तिथं वसवलं. त्यांनी जंगल साफ करून बांध्या घातल्या. धान आणि मासा ही त्यांची दोन शास्त्रं, आणि तलावांच्या या मुलखात दोन्ही कामाला आली. आठवडी बाजारात त्यांच्या टोपलीपुढं उभे राहा. म्हातारी नातीशी बंगालीत बोलते, नात गिऱ्हाइकाशी इथल्या झाडीबोलीत, आणि दहावीचे पेपर ती मराठीत लिहिते. यांतले बरेच नमःशूद्र. ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. अर्जुनी मोरगावचा मतदारसंघ मात्र अनुसूचित जातीसाठी राखीव. जातीचा दाखला काढायला गेलं तर १९५० च्या आधीचा इथला पुरावा लागतो, आणि यांचे आजोबा तेव्हा पद्मेच्या काठी होते. मत द्यायचं, पण उमेदवारीचा अर्ज भरायचा नाही. साठ वर्षं या मातीत राबून ही अवस्था. त्यांचा प्रश्न राज्यकर्त्यांना नवा नाही. सोडवायचा राहिलाय एवढंच, आणि मी लाज वाटून हे लिहितोय.

त्याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगावकडं नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ ची. रानात अचानक प्रार्थनेच्या पताका दिसतात आणि पताकांपलीकडं धानाच्या बांध्या. हिवाळ्यात ही माणसं शहरात स्वेटर विकायला जातात, उरलेलं वर्ष शेती. भारतात २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान जन्मलेला माणूस जन्मानं भारतीय, हे कायद्यात स्वच्छ लिहिलंय. तरी अशा तिबेट्यांची नावं मतदारयादीत घ्या, असं निवडणूक आयोगाला सांगायला २०१४ साल उजाडलं, तेही उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. एकाच घरात आजी तिबेटात जन्मलेली, ती यादीबाहेर. बाप १९७५ चा, तो यादीत बसतो. बापानं नाव घालावं की घालू नये, यावर त्या घरांत खरी चर्चा होते. भारताचा मतदार झालो तर तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखं होईल का, हा तो प्रश्न. देश म्हणजे काय, याचा इतका गंभीर विचार करणारी माणसं आमच्या जिल्ह्यात राहतात आणि याचा मला अभिमान आहे.

या आलेल्यांमुळं गोंदियाचं काय बिघडलं? काही नाही. तशीही आमची ओळख एकरंगी कधी नव्हती. १९५६ पर्यंत आम्ही आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होतो. वाघ नदीपलीकडं बालाघाटला आमच्या लेकी दिल्यात आणि तिकडच्या सुना आणल्यात. घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि दक्षिणेकडच्या गावांत गोंडी, हलबी. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हा मुंबईच्या एका मित्रानं फोन करून विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? आम्ही मराठीच्या बाजूचे. आमच्या पोरांनी मराठी कमावलेली आहे, ती कोणी लादली नाही. पण कमावताना काय गमावलं तेही बघा. जनगणनेत पोवारी हिंदीच्या पोटात मोजली जाते. देशभरात पोवारी ही मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सव्वाचार लाख होते, २०११ मध्ये सव्वातीन लाख. दहा वर्षांत एक लाख माणसांनी रकाना बदलला. माझ्या शेजारच्या घरात आजी पोवारीत रागावते आणि नातू मराठीत उत्तर देतो. त्या दोघांमधलं अंतर एका अंगणाचं आहे आणि तेवढ्यात एक भाषा सांडतेय.

२०२७ ला जातीही मोजणार आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदाच सगळ्यांच्या. आतापासून कुजबुज आहे: पोवार किती, कुणबी किती, लोधी, कलार, तेली, कोहळी किती. भंडाऱ्यात कुणबी आणि गोंदियात पोवार, हे तिकीटवाटपाचं गणित इथलं शेंबडं पोरही सांगतं. आकडे येऊ द्या, मला हवेच आहेत, कारण ज्यांची संख्या आजवर लपली त्यांना त्यातून बोलता येईल. पण प्रत्येक समाज आपल्या आकड्याकडं डोळे लावून बसलाय आणि सगळ्यांच्या बेरजेकडं कोणी बघत नाही. ताटातल्या वाट्यावरून भांडण, आणि ताटच लहान होतंय.

माझं म्हणणं जागा गोठवा असं नाही. पुढची फेररचना होईल तेव्हा विरळ वस्तीच्या, जंगलाच्या जिल्ह्यांत मतदारांची सरासरी थोडी कमी धरा. ९ व्या कलमात त्याला जागा आहे. आमगावला गोंदियाच्याच खासदाराकडं द्या. विकास मंडळ पुन्हा उभं करून खरोखर कामाला लावा. या मागण्या सातही आमदारांनी, पक्ष बाजूला ठेवून, एका कागदावर सही करून मांडाव्यात. अजून तसा कागद माझ्या पाहण्यात नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. २०२७ ची माघ पौर्णिमा २० फेब्रुवारीच्या आसपास येते. त्या दिवसांत सालेकसा तालुक्यात कचारगडची जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज आपल्या देवांच्या गुहेकडं लोटतो. आपलेही मिरचीला गेलेले बरेच जण त्या वेळी दोन दिवस काढून येतात. या खेपेला त्यांना आधीच फोन करा. जत्रेहून परस्पर गाडी पकडू नका म्हणावं. घरी या, कुलूप काढा, रात्र मुक्काम करा. प्रगणक कोणत्या दिवशी येणार ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा, आणि तो आला की कडेवरच्या लेकरापासून सगळ्यांची नावं सांगा. मातृभाषेचा रकाना आला की घरात जी बोलता तीच सांगा.

परवा त्या काकाजींना हे सांगितलं. त्यांनी खिशातून जुन्या मतदारयादीची चार पानं काढली, ‘है’ लिहिलेल्या नावांवरून बोट फिरवलं आणि पहिला नंबर लावला. पलीकडं वारा होता, नीट ऐकू येत नव्हतं. काकाजी मोठ्यानं म्हणत होते, “अरे, जत्रेले येतूस का नाही? ये. मोजाले येणार हायेत.”